लसूण सोलणारे भागधारक

घंटागाडीची घंटा वाजली तशी सुनेने नानांच्या मांडीवर लसणाची सुपली ठेवली. "मामंजी, सोला पटापट!"

नाना सोलू लागले. कचऱ्यापासून वीज करणाऱ्या कंपनीचे ते जुने भागधारक. गावातला कचरा संपला, तेव्हा 'वापरात नसेल तो कचरा, आणि देईल त्याला वीज फुकट' या ठरावाला त्यांनीच हौसेने हात वर केला होता.

गाडीवाला आत आला. त्याच्या हातातलं कचरा ओळखणारं यंत्र कोपऱ्यातल्या बंद रेडिओवर लाल झालं. नानांवर ते जरा घुटमळलं, मग हिरवं झालं.

"आजोबा कामात आहेत," म्हणत तो रेडिओ उचलून गेला.

नानांनी खिडकीतून पाहिलं. समोरच्या अप्पांची आरामखुर्ची रिकामी होती आणि भरदिवसा घरातले सगळे दिवे झगझगत होते.

त्यांच्याकडे लसूण खात नाहीत.