बांड्यावर नेम

हेमराजचा दगड एका रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, मांडीत बसला. कळप उधळला, पण फार लांब गेला नाही.

"मारा भाऊ, अजून मारा!" वनरक्षक अश्विनी ओरडली. "एकानं जरी तोंड लावलं, तर हे विष जंगलभर जाईन."

नाल्याकाठच्या त्या गवतात किरणोत्सर्गी पूड सांडली होती. सांडली कोणी? या शहाण्या हेमराजनंच. भंगारात आलेलं दवाखान्याचं जुनं किरणांचं यंत्र आतल्या शिशासाठी सकाळी घणानं फोडलं आणि पूड अंगभर उडवून घेतली. अश्विनीनं गवताभोवती पिवळी पट्टी बांधली, हेमराजच्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि बजावलं, "पूड साफ करणाऱ्या साहेब लोकांची गाडी येईस्तोवर ना माणसाले शिवायचं, ना जनावराले." गाडी नागपुराहून निघाली होती, पण पांढुर्ण्यात अडकली. आज गोटमार ना! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात, तिथं गाडीला वाट कोण देणार? दरवर्षी हेमराजही त्यात पुढं असे. त्याचा नेम चुकत नसे.

तेवढ्यात बांधावरून बांड्या आला. हेमराजचाच बैल, दावं तोडून आलेला. शिंगांना कालचा लाल रंग, कपाळावर कालचं कुंकू. काल त्यानं पुरणपोळी हेमराजच्या हातून खाल्ली होती. अश्विनी त्याला धरायला धावली. त्यानं शिंग उगारून तिला चिखलात लोळवलं आणि सरळ पट्टीकडे निघाला.

"जाय बे! मरशीन!"

पहिला गोटा खुरावर, दुसरा बरगडीवर. बैल थबकला, पण वळला नाही. तिसरा कपाळावर. कुंकवातून रक्त ओघळलं. हेमराज ढसाढसा रडत होता आणि नेम मात्र तसाच पक्का होता.

बांड्यानं गवताला तोंड लावलं नाही. पट्टीला वळसा घालून तो लंगडत हेमराजकडेच यायला लागला. वासरू असल्यापासून घाबरला की तो त्याच्याच काखेत तोंड खुपसायचा.

"भाऊ, पळा! शिवू नका त्याले! तुमच्या अंगावर पूड आहे!"

"कुठं पळू मॅडम? माह्याच मागं येऊन राहिला थो!"

हेमराज मागं सरकला. पाठीशी नाला दुथडी भरून वाहत होता. बैलानं मान पुढं केली.

हेमराजनं दोन्ही हातांनी मोठा गोटा उचलला. इतक्या जवळून त्यानं गोटमारीतही कधी कोणाला मारलं नव्हतं.