चढत्या पाईपातलं भोक

"काहीही सापडो," बाई जिन्यातच म्हणाल्या, "यांची चूक नव्हती असंच सांगा."

प्लंबर हत्यारांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत थांबला. "आणि असली तर, काकू?"

"नव्हती."

एवढं बोलून त्यांनी दार उघडलं.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून माशांची सहा फुटी काचेची टाकी होती. आत ना पाणी, ना मासे. खालच्या कपाटात दुसरी लहान टाकी, सम्प. दोन्हींना जोडणारे दोन पांढरे पाईप. एकातून वरचं पाणी खाली उतरायचं, गाळलं जायचं, आणि पंप ते दुसऱ्यातून परत वर चढवायचा. गेली दोन वर्षं सगळं ठणठणीत कोरडं होतं.

समोरच्या खुर्चीत गृहस्थ बसले होते. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. खुर्चीची पाठ खिडकीकडे होती, तोंड टाकीकडे.

प्लंबरने वाकून पाईपांवरून हात फिरवला. एक सांधा वाकडा नव्हता, कुठे चिकटवणीचा ओघळ नव्हता.

"काम झकास आहे. कुणी केलं?"

"मी."

त्या एका अक्षरात असं काही होतं की प्लंबरने पुढे कौतुक केलं नाही.

झालेली गोष्ट त्याला बाईंनी फोनवरच सांगितली होती. मासे लेकीचे. तिला घरात खारू म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकायचीच नाही. टाकीपाशी मात्र तास तास बसायची. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी वीज गेली आणि पंप थांबला. चढत्या पाईपातून वरचं पाणी उलटं खाली ओढलं जाऊ लागलं. सम्प भरला, उतू गेला, पाणी फरशीभर पसरलं. खारू घरात एकटी होती. फडकं घेऊन अनवाणी पुसायला बसली. पंखा जोडलेला लांब वायरचा बोर्ड फरशीवरच होता.

मग वीज आली.

"टाकी काढायची ना, काका?" प्लंबरने विचारलं.

"काढा. हिचा हट्टच आहे." गृहस्थ थोडे पुढे सरकले. "त्याआधी एक बघाल? चढत्या पाईपाला, वर, पाण्याच्या रेषेपाशी, एक बारीक भोक पाडायचं असतं."

"हो. पाणी जरा उतरलं की तिथून हवा शिरते आणि उलटी ओढ तुटते."

"ते मी पाडलं होतं का, बघा." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मुठीत धरला. "कधी स्पष्ट आठवतं, रविवार होता, ड्रिल हातात होतं. कधी वाटतं, हे मी मागाहून मनाशी रचलंय. दोन वर्षं इथे बसतो. चार पावलांवर पाईप आहे. उठून बघायची छाती होत नाही."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातातला टॉवेल त्या घडी करत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी करत होत्या.

प्लंबर स्टुलावर चढला. टाकीत डोकं घालून त्याने पाईपाचं तोंड वळवलं आणि बॅटरी मारली.

भोक होतं. पेन्सिलीच्या टोकाएवढं, अगदी जिथे असायला हवं तिथेच. पण बुजलेलं. पांढरट, कडक. त्याने नख लावलं, निघालं नाही. क्षणभर तो तसाच वाकून राहिला.

"काका, भोक आहे!"

त्याने डोकं टाकीबाहेर काढलं.

"तुम्ही पाडलंय, आणि बरोबर जागी पाडलंय. क्षार साचून बुजलं. पाण्यातला क्षार हो. आपल्या नळाच्या तोटीवर बसतो ना, तोच."

"म्हणजे... मी ते साफ ठेवायला हवं होतं."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" प्लंबर स्टुलावरून उतरला. "बावीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत डोकं घालतोय मी, मलासुद्धा कुणी सांगितलं नाही. पाण्यापुढे कुणाचं काय चालतं! यात तुमची चूक नाही, काका. तीळभर नाही."

गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मग ते रडू लागले. बऱ्याच वेळाने चेहरा पुसत उठले आणि स्वतःच्या पायांनी टाकीपाशी आले. काचेवर तळहात ठेवला.

"अगं, ऐकलंस का?" ते म्हणाले. "भोक होतं. मी पाडलं होतं."

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

"मी म्हणत होतो ना, रविवार होता?"

"हो. रविवारच होता."

टाकी उतरवायला गृहस्थांनी स्वतः एका बाजूने हात लावला. प्लंबर नको नको म्हणत होता, तरी ऐकेनात. पाईप कापले, सम्प कपाटातून बाहेर आला, भिंतीवर फक्त एक फिकट चौकोन उरला. गृहस्थांनी धाकट्या भावाला फोन लावला. आतून त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, "अरे, भोक होतं रे! क्षाराने बुजलं!"

बाई प्लंबरला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. मागे हात नेऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

"दोन वर्षांत आज पहिल्यांदा ते स्वतःहून कुणाशी बोलतायत," त्या म्हणाल्या. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"उपकार कसले. क्षाराचं असंच असतं, काकू."

"तो क्षार नव्हता. तुम्हाला कळलं होतं."

प्लंबरने होकारार्थी मान हलवली.

"त्या भोकातून पाणी फिसफिसायचं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "खारूची परीक्षा होती. 'आई, ते थांबव गं, डोकं उठतं,' म्हणाली. खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी मीच भरली त्यात."