साजाची मधली पानं

"एवढा लखलखीत साज, आन् तुझ्या फोटूत नुसतं धुकं!" अंबूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

त्यांच्या राजवर्धनच्या दुसऱ्या लग्नाला आठच दिवस झाले होते. वारलेल्या पहिल्या सुनेचा साज आज नव्या सुनेच्या, स्नेहलच्या गळ्यात घालायचा होता, त्याआधी फोटो. पहिलीचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं.

इतक्या जवळून टिपताना तांदळाच्या दाण्याएवढी खोलीच स्पष्ट येते, पुढचं-मागचं विरघळतं. हे मला चुकांनीच शिकवलं. म्हणून साज टेबलावर सपाट मांडला, लेन्सचं छिद्र बारीक केलं. तरी मधली सोन्याची पानं धूसरच.

मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिले. पानं स्पष्ट झाली, धूसर झाली, पुन्हा स्पष्ट.

"टेबल हलतंय तुझं," अंबूबाई म्हणाल्या.

मी टेबलावर तळहात टेकला. ते हलत नव्हतं. पंखाही बंद होता. पानं मात्र सावकाश वर यायची, सावकाश खाली जायची. माझाही श्वास नकळत त्याच लयीत चालला होता.

साजाकडे गेलेला हात स्नेहलनं मागं घेतला आणि सासूकडे पाहिलं.

"आत्या, संयोगिताताईंनी साज अजून काढलेला न्हाय."