आईला मारलेली हाक

वैजयंती माइकजवळ वाकून म्हणाली, “आई.” पडद्यावर काहीच उमटलं नाही.

मृत्यूनंतर दान केलेला मेंदू महिनाभर जागता ठेवता येई. विस्मृतीच्या अभ्यासासाठी नातेवाईक येऊन त्याला हाका मारत; ओळख पटली की पडदा उजळे. शेवटची चार वर्षं आई वैजयंतीला आपली थोरली बहीण समजत होती. आता तरी ती लेकीला ओळखेल, एवढ्या आशेनं वैजयंती आली होती.

“मॅडम, घरच्यासारखी हाक मारा,” तंत्रज्ञ म्हणाला. “इथं सगळेच भाषणाच्या सुरात बोलतात.”

गेली चार वर्षं रोज उठवायची तशी, थोरल्या मावशीच्या ठसक्यात ती म्हणाली, “कुसुमे, ऊठ गं, चहा गार होतोय.”

पडदा उजळला.

“ओळखलं! नातं मुलगी लिहू ना?”

“थोरली बहीण लिहा,” वैजयंती म्हणाली. “अभ्यास खरा व्हायला हवा.”