भिंतीकडे तोंड

चष्मा डोळ्यांवर चढला आणि दुकान नाहीसं झालं. सेल्समन गेला, नवरा गेला, नमुन्याला मांडलेली कपाटं गेली. त्या जागी उभं राहिलं तिच्या नव्या घराचं स्वयंपाकघर, ज्याच्या अजून नुसत्या भिंतीच झाल्या होत्या. पांढरी कपाटं, काळा ओटा, चकचकीत सिंक. समोर तिचे स्वतःचे हात तरंगत होते, पण राखाडी, रबरी मोजे चढवल्यासारखे.

सगळं आधी सेल्समनने नवऱ्याला समजावलं होतं आणि नवऱ्याने तिला, खुणांनी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोघांचा संसार हातांनीच बोलत आला होता. चष्म्यातले कॅमेरे तुझ्या हातांवर लक्ष ठेवतील, त्याने सांगितलं. अंगठा आणि बोट जुळवलं की वस्तू उचलली जाते, सोडलं की ठेवली जाते. तुला जे दिसेल ते आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावर दिसेल. काही बदलावंसं वाटलं तर बोल.

तिने वरचं कपाट चिमटीत धरलं आणि वीतभर खाली आणलं. गंमत वाटली. जन्मभर स्टुलावर चढत आलेल्या बाईला कपाट असं मुकाट खाली येताना पाहून वाटणारच.

मग ती शेगडीपुढे उभी राहिली आणि नाकासमोर भिंत आली. दार पार पाठीमागे. मागून कोण आलं, कोण गेलं, लेक येऊन उभी राहिली की कोणी परका घरात शिरला, तिला कळणार कसं? आता राहत होते त्या घरात शेगडी अशी होती, की पुढे उभं राहिलं की दार समोर दिसे. भांडून तशी ठेवून घेतली होती तिने. नवऱ्याला हे ठाऊक होतं, आणि या स्वयंपाकघराची मापं त्यानेच दिली होती.

‘हे नको,’ ती हातांनी म्हणाली. ‘ओटा फिरवा. मला दार दिसलं पाहिजे.’

‘नको’ म्हणताना सिंक जागचं उपटलं गेलं. ‘ओटा’ म्हणताना फ्रीज उचलला गेला, आणि ‘दार’ म्हणेपर्यंत तो छताला वटवाघळासारखा लटकला. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, हात मोठे करून. कपाटं एकमेकांत घुसली. बाहेरून कोणी काही उत्तर देतंय का, हे कळायला मार्ग नव्हता. ती आणखी जोरात बोलू लागली.

कोणीतरी मागून तिची दोन्ही मनगटं धरली.

पंजे नवऱ्याचे नव्हते. ते तिला गाढ झोपेतही ओळखता आले असते. या परक्या हातांनी तिचे हात खाली दाबले, मांड्यांवर टेकवले आणि वरून दोनदा थोपटले. लहान मुलाला थोपटावं तसे.

डोळ्यांवर चष्मा, हात दुसऱ्याच्या मुठीत. क्षणभर ती होती तिथे गोठून गेली. मग तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात हिसडून सोडवले आणि चष्मा ओढून काढला.

सेल्समन मागे उभा राहून हसत होता. नवरा बाजूला, तिची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तोही हसत होता, दुकानदारापुढे माणसं हसतात तसं.

तिने चष्मा सेल्समनच्या हातात कोंबला. ‘काय म्हणाला हा?’ तिने नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने पर्स काखेत मारली, तेव्हा कुठे त्याचे हात मोकळे झाले. ‘काही नाही. मशीन गोंधळतं म्हणाला. वहिनींना सांगा, हात जरा खाली ठेवा. एवढंच.’

‘मी कशाने बोलते, ते सांगितलं होतंस त्याला?’

‘सांगितलं होतं.’

‘तरी त्याने माझं तोंड दाबलं. आणि तू बघत उभा राहिलास.’

‘दोन मिनिटांचा तर प्रश्न होता. कशाला वाढवतेस?’

‘त्याला सांग. मी म्हणाले तसंच्या तसं सांग.’

नवरा सेल्समनकडे वळून बोलला. ओठ वाचण्यात ती फारशी तरबेज नव्हती, पण ते वाक्य किती लांब असायला हवं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याने चार शब्दांत आटपलं. सेल्समनने समजुतीने मान डोलावली, चष्मा पुन्हा तिच्यापुढे धरला आणि आपला मोकळा हात मांडीला चिकटवून दाखवला. असे ठेवा.

‘काय सांगितलंस?’

‘तुला मांडणी आवडली नाही, म्हणून.’

तिने चष्मा घेतला नाही. कोपऱ्यात एक खराखुरा ओटा मांडलेला होता, भिंतीला लागून. तिने नवऱ्याचं कोपर धरलं, त्याला तिथवर नेलं आणि खांदे धरून सिंकपुढे उभं केलं, भिंतीकडे तोंड करून. तो उभा राहिला. भर दुकानात तमाशा नको, एवढंच त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

ती मागे सरली आणि बोलू लागली.

दाराचं बोलली. मनगटांचं बोलली. मग डॉक्टरकडचं, लेकीच्या शाळेतलं, बहिणीच्या लग्नातलं; जिथे जिथे तिची लांब वाक्यं त्याने आखूड करून लोकांच्या हातावर ठेवली होती, ते सगळं. घाई केली नाही. मधे तोडायला कोणी नव्हतं. सेल्समन चष्मा हातात घेऊन बघत राहिला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

शेवटी त्याने नवऱ्याला हाक मारली असावी. नवरा वळला, तेव्हा तिचं बोलून झालं होतं.

‘काय म्हणालीस?’ त्याने विचारलं.

पुन्हा सांगायला तिने हात उचलले नाहीत.