जावयाला प्रवेश नाही

‘परत जा, चोरा!’ एवढंच वाक्य समोरच्याला दिसेल अशी सोय करून रोहितने इंटरनेटवरच्या त्या परदेशी पत्त्याला दार लावलं आणि समाधानाने मठ्ठ्याचा ग्लास उचलला.

धरमपेठेतल्या मंगल कार्यालयात त्याच्या मावसबहिणीचं, कामिनीचं लग्न होतं. दूरच्या नातेवाइकांना ते घरबसल्या पाहता यावं म्हणून रोहितने स्वतःचा सर्व्हर लावला होता. जगाला उघडा सर्व्हर म्हणजे उंडग्यांना आवतणच. म्हणून दारावर लिनक्सची फायरवॉल बसवली. ती पक्की पहारेकरीण. नियम वरून वाचत येते, पहिला लागू पडेल तो मानते आणि पुढचे वाचायचे कष्ट घेत नाही. मुहूर्ताची वेळ झाली आणि या एका पत्त्यावरून दारावर धडाधड थापा सुरू झाल्या. थांबायचं नाव नाही. असा उतावळेपणा हल्लेखोरच करतो, हे रोहितला ठाऊक होतं. एरवी अशांना काही न बोलता घालवतात. पण रोहित पडला हौशी.

तेवढ्यात कामिनीची आई, मनकर्णामावशी, शालू सावरत, फोन हातात धरून धावत आली.

“काहून गा रोहित, काय करून ठेवलं तू? अश्विनरावले चोर म्हणते तुहा सर्व्हर!”

अश्विन म्हणजे मावशीचा मोठा जावई, कामिनीच्या थोरल्या बहिणीचा, गुंजनचा नवरा. मूळचा कन्हानचा, आता कॅनडात. पहिल्या दिवाळसणाला त्याची गाडी वेळेवर आली आणि त्याला घ्यायला सासरेबुवा शालिकराम स्टेशनवर उशिरा पोचले. तेव्हापासून तो जो रुसला, तो रुसलाच. त्या रुसव्यापायी गुंजनचं माहेर तुटलं होतं. या दिवाळीला तिला घेऊन यायचं त्याने मोठ्या मिनतवारीने कबूल केलं होतं. मावशी तेव्हापासून रोज लेकीची खोली झाडत होती.

फोनमधून गुंजनचा रडवेला आवाज आला. “आई वं, हे फेटा बांधून टीव्हीसमोर बसले होते. आता फेटा सोडून राहिले. म्हणते, दिवाळीचं तिकीट रद्द कर!”

रोहितने लॅपटॉप पुढे ओढला. त्याने पत्ता ताडून पाहिला. दारावर थापा मारणारा अश्विनच होता. मुहूर्ताला पान कोरंच दिसलं म्हणून टीव्ही, लॅपटॉप, दोघांचे फोन, सगळ्यांवरून बिचारा ते पुन्हा पुन्हा उघडत होता. रोहितने घाईघाईने त्याच्या नावाची परवानगी लिहिली. तिकडे पुन्हा तेच, ‘परत जा, चोरा!’

मावशी लॅपटॉपवर वाकली. “कुठं लिहिलं त्यायचं नाव?”

“हे काय, खाली.”

“जावयाचं नाव खाली लिहिते काय रे बावळटा? सगळ्यात वर घे!”

रोहितने कपाळावर हात मारून घेतला. बंदी वर आणि परवानगी खाली. पहारेकरीण खालपर्यंत वाचणारच कशाला? त्याने जावयाला सगळ्यात वर नेऊन बसवलं. दार उघडलं.

फोनवर अश्विनचा कोरडा आवाज आला. “पान उघडलं. पण लग्न कुठं आहे?”

“लागायचं आहे, भाऊजी. नवरदेव अजून चौकातच नाचून राहिले.” रोहित म्हणाला. “पत्रिकेतल्या वेळेले तुम्ही एकटेच आले. म्हणून तं संशय आला.”

आधी गुंजनला हसू फुटलं. मग तिच्या मागे अश्विनलाही. मावशीने डोळ्यांना पदर लावला.

“तिकीट राहू दे गुंजन,” अश्विन म्हणाला. “येतो आई, दिवाळीले. पण उशिरा येईन. तुमच्याकडे दोनदा वेळेवर आलो. एकदा स्टेशनवर उभा राहिलो, अन् एकदा चोर ठरलो.”