बिजलीबहाद्दरच्या खांद्यावरचा ओरखडा

"चाचा, हा माझा शेवटचा अंक," रामकिसनने लिहिलेले कागद टेबलावर टाकले. "पुढच्या महिन्यापासून दुसरा लेखक बघा."

निजामुद्दीन चष्मा पुसत होता. त्याने मान वर केली नाही. शहागंजातल्या त्याच्या छापखान्यातून बिजलीबहाद्दरचा लेखक वैतागून निघून जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

बिजलीबहाद्दर हा त्याच्या चित्रमासिकाचा नायक. तोंडावर काळा रुमाल, अंगात विजेचं बळ. पोलीस ॲक्शननंतर थोड्याच वर्षांनी जन्मला आणि अजून पंचविशीतच अडकला होता. कडूबा गुरुजींनी त्याला जन्म दिला, त्यामुळे चोर पकडला की तो आधी त्याला नखं कापायला सांगे. गुरुजींनंतर मुबारक शायर आला. बहाद्दर प्रेमात पडला आणि उसासे टाकू लागला. मग तालमीतले आप्पासाहेब आले. बहाद्दरचं बोलणंच बंद झालं, नुसता हाणू लागला. रामकिसन दिवसभर शाळेत घसा कोरडा करून लिहायला बसे. त्याचा बहाद्दर दमलेला होता. वेशीच्या पायरीवर बसलेल्या चित्रात पूर्वी तो गहन विचार करायचा, हल्ली पाय चोळायचा.

चित्रं मात्र तीच. कित्येक वर्षं त्याच जुन्या ब्लॉकवरून, म्हणजे धातूच्या ठशांवरून, छापलेली. उगारलेल्या मुठीच्या चित्रात गुरुजींनी लिहिलं होतं, "मुलांनो, पहाटे उठा!" मुबारकने तिथंच "जानेमन, ठहरो!" लिहिलं, आप्पासाहेबांनी "हाण!" आणि रामकिसनने "आता पुरे."

एका ब्लॉकवर तर ओरखडा होता. बहाद्दरच्या खांद्यावर पांढरी रेघ उमटायची. ती झाकायची म्हणून मुबारकने प्रेयसीची बांगडी लागल्याचं लिहिलं, आप्पासाहेबांनी तलवारीचा वार केला. रामकिसनने या अंकात तो ओझं वाहून पडलेला वळ ठरवला होता.

"अंक खपत नाही, चाचा. पोरं म्हणतात, चित्रं पाठ झाली. नवी काढून घ्या, नाहीतर बंद तरी करा. कंजुषीला काही सीमा?"

"बैठो मास्तर," निजामुद्दीन म्हणाला. "कंजुषी नाय ती."

त्याने चष्मा टेबलावर ठेवला.

"ही चित्रं फकिराची. माझा यार. मुंबईला गेला, तिथनं पाठवायचा. तिथंच तापानं गेला. पत्र इथं आलं, तवा ब्लॉक माझ्या हातात व्हता. पडला. तोच हा ओरखडा." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "पडेगावला त्याची आई, सारजाबाई. सांगायला गेलो. हातात अंक व्हता. बाई म्हणाली, 'पोराची चित्रं आली व्हय?' क्या करूं? तोंडातनं निघून गेलं, आली म्हणून."

"आणि तेव्हापासून..."

"दर महिन्याला अंक घेऊन जातो. तिला वाचता येत नाय. एकेक चित्र बघते. तिला वाटतं, पोरगा काढतोय."

"मुलगा घरी का येत नाही, असं विचारत नाही?"

"एकदा बी नाय. भोळी बाई हाय." निजामुद्दीन उठताना टेबलाला धरून उठला. "मी थकलो मास्तर. कवाच कुलूप लावलं असतं. पण तिला काय सांगू? जातो, तिच्या समाधानासाठी दोन भाकरी खातो, येतो."

बायको गेल्यापासून एरवी तो चहा-बिस्किटांवरच दिवस काढायचा, हे सगळा छापखाना जाणून होता.

अंक छापून झाला आणि निजामुद्दीनचा दमा उसळला. "तू जाऊन ये," त्याने रामकिसनला सांगितलं. "जास्ती बोलू नक्को."

रामकिसन दौलताबाद रस्त्याच्या बसमध्ये बसला तेव्हाच त्याचं ठरलं होतं. आज सांगून टाकायचं. म्हातारी रडेल, पण चाचा सुटेल. दोघांची दया येत होती त्याला, आणि स्वतःचीही.

सारजाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. रामकिसनने आपण कोण ते सांगितलं.

"निजामभाई नाय आले?"

"दमा वाढलाय."

"जेवत्यात का?"

रामकिसनने अंक पुढे केला. तिने हात पदराला पुसले, अंक घेतला आणि सावकाश एकेक पान उलटलं. खांद्यावरच्या रेघेवर तिचं बोट थांबलं.

"याला या खेपेला काय लिवलं?"

"ओझ्याचा वळ."

"मागं तलवार व्हती. त्याच्या आधी बांगडी. शेजारची सगीरा वाचून दाखवती." तिने रेघेवरून बोट फिरवलं. "ही रेघ फकिराच्या हातची नाय. पहिल्यांदा दिसली, त्या दिवशी निजामभाई भाकर न खाता उठले व्हते."

"बाई, मी तेच सांगायला..."

"ठाऊक हाय. शायर बी हेच सांगायला आला व्हता. तालमीवाले बी."

ती आत गेली. फडक्यात चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन आली आणि ते गाठोडं तिने रामकिसनच्या हातात दिलं.

"निजामभाईला म्हणावं, म्हातारीला अजून कायच कळलं नाय. चित्रं बघून लई खूश झाली. पुढचा अंक घेऊन तुमीच या म्हणाली." तिने पुन्हा शेंगा पुढे ओढल्या. "अन् मास्तर, तुमी लिवत ऱ्हावा. मानूस महिन्यातनं एकदा तरी पोटभर जेवला पायजे."